पावत्या घटल्या तर कॅमेरा यशस्वी

१३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून येणाऱ्या एका मालट्रकवरचा चालकाचा ताबा सुटला. समोरच्या वाहनांना ठोकरत तो खाली आला. एक मोटार दोन अवजड वाहनांमध्ये चिरडली, आग लागली, आठ माणसं गेली. हा पट्टा कुणालाच अनोळखी नव्हता. त्याच्या तीन वर्षं आधी, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, इथेच एका भरधाव अवजड वाहनाने पन्नासच्या घरात गाड्यांना धडक दिली होती. तेव्हाही पाहण्या झाल्या, बैठका झाल्या, रस्त्यावर रम्बलर आले. २०२५ च्या अपघातानंतर पुन्हा पाहण्या झाल्या, ताशी ६० किलोमीटरची वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली आणि वेग मोजण्याची यंत्रं वाढवण्याची चर्चा सुरू झाली.

नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की मुंबई-बेंगळुरू महामार्ग नऱ्हे-आंबेगावच्या दिशेने सलग उतरत जातो. एके काळी हा शहराला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता होता. आता दोन्ही बाजूंना इमारती, महाविद्यालयं, दुकानं आहेत आणि वडगाव, धायरी, नऱ्ह्याची माणसं रोज दुचाकीवरून याच रस्त्यावर उतरतात. साताऱ्याकडून माल घेऊन येणारा ट्रक आणि क्लासला निघालेली मुलगी एकाच डांबरावर एकाच वेळी असतात. डिझेल वाचवायला काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही जण तर इंजिनच बंद करतात. २०२२ च्या अपघाताच्या प्राथमिक तपासात हेच कारण पुढे आलं होतं. गिअरमध्ये असलेलं इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबलेला असतो. मग पाय दाबावा तशी टाकीतली हवा संपत जाते. पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ लिहिलं जातं, पण ते ब्रेक निकामी व्हायला सुरुवात पुलापाशी नव्हे, बोगद्याच्या तोंडाशी झालेली असते.

म्हणून उताराच्या तळाशी बसवलेला कॅमेरा अशा ट्रकचं काहीच करू शकत नाही. तो फक्त शेवटचा फोटो काढतो. तोच कॅमेरा उताराच्या वरच्या टोकाला असेल, त्याच्या आधी ठळक पाटी असेल आणि वेग वाढू दिला तर पावती हमखास येते हा अनुभव चालकाला असेल, तर गाडी खालच्या गिअरमध्ये उतरायला लागते. यंत्र एकच, कुठे आणि कशासाठी बसवलं यावर ते जीव वाचवणार की नुसती पावती फाडणार हे ठरतं.

वेग टिपणारे कॅमेरे हवेत, आणि आज आहेत त्याहून कितीतरी जास्त ठिकाणी हवेत. पण त्यांचं यश फाडलेल्या पावत्यांच्या आकड्यावर मोजणं बंद झालं पाहिजे. ज्या कॅमेऱ्याखाली वर्षागणिक पावत्या कमी होत जातात, तोच आपलं काम करतो आहे. महाराष्ट्रात आज नेमका उलटा हिशेब जाहीर होतो: इतके लाख चलन, इतके कोटी दंड. हे आकडे अभिमानाने सांगितले जातात तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला जो संशय येतो, तो चुकीचा म्हणता येत नाही.

आधी वेगाचं बोलू, कारण त्याबद्दल आपल्याकडे अजून पुरतं गांभीर्य नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. महाराष्ट्रातल्या मृतांचा आकडा त्या वर्षी पंधरा हजारांच्या वर होता. आता, ‘अतिवेग’ हा रकाना भरायला सोपा असतो हेही खरं. वळणाचा चुकलेला उतार, दुभाजकातली बेकायदा फट, महिनोन्महिने बंद असलेला दिवा यांचा रकाना सहसा कुणी भरत नाही. तरीही अतिवेगाचा आकडा निम्मा केला तरी तो थरकाप उडवणाराच राहतो.

साधा हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर कुणी आडवं आलं तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर गाडी थांबायला आणखी वीस मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५. तीच मोटार ताशी ८० ने असती तर? त्या ४५ व्या मीटरवर ती अजून ताशी ६५ च्या आसपास वेगाने धावत असते. पहिली गाडी जिथे थांबलेली असते, तिथे दुसरी माणसाला उडवते. फरक चालकाच्या मनात अवघा वीसचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार मोटारीचा वेग ५० वरून ६५ वर गेला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, आणि रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

आणि वाचतो किती वेळ? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सगळा रस्ता मोकळा मिळाला, घाट नाहीच असं धरलं, तरी १०० ने गेल्यास सत्तावन्न मिनिटं आणि १२० ने गेल्यास सत्तेचाळीस. दहा मिनिटं.

कॅमेऱ्यांनी वेग खरोखर कमी होतो का, हा प्रश्न जगात अनेकदा तपासला गेला आहे. अशा ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांच्या परिसरातले मृत्यू आणि गंभीर दुखापती ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. हे अंतर मोठं आहे, कारण रस्ते वेगळे आणि अभ्यासाच्या पद्धतीही वेगळ्या. पण दिशा एकच होती. फ्रान्समध्ये २००३ च्या अखेरीस स्वयंचलित कॅमेरे आले. त्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वर्षाला आठ हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरत होती, २०१० मध्ये हा आकडा चार हजारांवर आला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवरचा कडकपणाही त्याच काळातला, त्यामुळे सगळं श्रेय कॅमेऱ्यांचं नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण अधिक बोलकं आहे. बेंगळुरू-मैसुरू महामार्ग २०२३ मध्ये खुला झाला आणि वर्षभरात त्यावर १८८ माणसं मेली. ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी झाली, पोलिसांनी स्पीड गन लावल्या आणि पुढे ठिकठिकाणी कॅमेरे आले. २०२४ मध्ये मृतांची संख्या ५० वर आली. एका वर्षात १३८ घरांमधलं माणूस संध्याकाळी परत आलं. कॅमेऱ्याला विरोध करणाऱ्यांनीही हा आकडा नजरेआड करू नये.

आपल्या द्रुतगती मार्गाची गोष्ट थोडी वेगळी. या रस्त्याने मराठी घरांना दिलेल्या जखमा ओल्या आहेत. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१ मध्ये इथेच गेल्या, अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ मध्ये, नेते विनायक मेटे २०२२ मध्ये. ही माहितीतली नावं झाली. बाकीची पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत राहिली. २०१६ मध्ये या एका रस्त्यावर १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांबरोबर शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. तेव्हा आजची कॅमेऱ्यांची व्यवस्था नव्हती. उघड्या काँक्रीटच्या कडा झाकल्या, कठडे बदलले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकना हटवलं, जखमींपर्यंत रुग्णवाहिका लवकर पोचवली. रस्ता नीट केला की माणसं वाचतात याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

म्हणून ‘आधी रस्ता सुधारा, मग कॅमेरे लावा’ असं म्हणणाऱ्यांचं निम्मं म्हणणं मान्य करावं लागतं. निम्मंच, कारण रस्ता सुधारला की वेगही वाढतो. सपाट, रुंद, मोकळा रस्ता पायाला आपोआप खाली दाबायला लावतो. तिथे कॅमेरा लागतोच.

जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर ‘आयटीएमएस’ ही कॅमेऱ्यांवर चालणारी वाहतूक व्यवस्थापनाची व्यवस्था सुरू झाली. तिचा सर्वांत उपयोगी भाग सरासरी वेग मोजणं हा आहे. एका कमानीखालून गाडी गेली की क्रमांक आणि वेळ नोंदवली जाते, पुढच्या कमानीखाली पुन्हा नोंद होते. दोन्हींमधलं अंतर दहा किलोमीटर असेल आणि गाडी पाच मिनिटांत पोचली असेल, तर ती १२० च्या सरासरीने आली, यात वाद उरत नाही. एका जागी उभ्या कॅमेऱ्याचा मोठा दोष सगळ्यांना ठाऊक आहे: कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा वेग. मागच्याने अंतर ठेवलेलं नसेल तर तो ब्रेकच अपघात घडवतो. सरासरीच्या पद्धतीत ही पळवाट नाही. ब्रिटनमध्ये अशा कॅमेऱ्यांचा २०१६ मध्ये झालेला अभ्यास सांगतो, की त्या रस्त्यांवरचे जीवघेणे आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. घाटात आणि बोगद्यांच्या उतारावर हीच पद्धत हवी.

मग लोक चिडले कशाने? पहिल्या वर्षभरात या मार्गावर २७ लाखांहून अधिक चलनं निघाली, दंडाची रक्कम ४७० कोटींच्या घरात गेली आणि त्यांतले वसूल झाले जेमतेम ५१ कोटी. या तीन आकड्यांत सगळं दुखणं आहे. एकाच रस्त्यावर वर्षाला सत्तावीस लाख वेळा नियम मोडला जात असेल, तर एक तर धाक बसलेला नाही, नाही तर मर्यादा चालकापर्यंत पोचलेली नाही. आणि दर नऊ रुपयांतला एकच रुपया जमा होत असेल, तर दंड ही शिक्षा राहिलेली नाही. ती मोबाइलवर साचत जाणारी एक थकबाकी आहे. ‘लोकअदालतीत निम्म्यात मिटेल’ हे वाक्य आज प्रत्येक टपरीवर ऐकू येतं. नियम पाळून, वेळेत पैसे भरणारा माणूस त्यात मूर्ख ठरतो आणि हीच या व्यवस्थेची सर्वांत मोठी हार आहे.

मालवाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये ई-चलनाविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या सगळ्या मागण्या योग्य नव्हत्या. पण पोलिसाने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायचा आणि नंतर केव्हातरी चलन टाकायचं, या पद्धतीबद्दलचा त्यांचा राग खरा होता. एकाच दिवशी एकाच गुन्ह्याची दोन-तीन चलनं, विकून टाकलेल्या गाडीच्या नावाने आलेला दंड, चार महिन्यांनी कळलेला गुन्हा: या तक्रारी ट्रकवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत सर्वांच्या आहेत. चार महिन्यांपूर्वी आपण त्या वळणावर किती वेगाने होतो हे कुणाला आठवणार? शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती किती खात्रीने आणि किती लवकर होते, यावर माणसाचं वागणं बदलतं.

कायद्यात या तक्रारींवरचे बहुतेक उपाय आधीच लिहिलेले आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आलं आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ अ. वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचना फलक हवेत. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे. फोटोबरोबर मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांना या कलमाची आणि नियमाची अंमलबजावणी करायला सांगितलं. म्हणजे नागरिकांनी काही जगावेगळं मागण्याची गरज नाही. चलनावर त्या यंत्राच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत छापा, पंधरा दिवस उलटलेलं चलन आपोआप रद्द करा, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी निम्मा कडवटपणा निघून जाईल.

फलकाबद्दल काही पोलीस अधिकाऱ्यांचं म्हणणं असतं, की कॅमेरा कुठे आहे हे सांगितलं तर लोक तेवढ्यापुरते सावध होतील. जिथे माणसं मरतात तिथे लोक ‘तेवढ्यापुरते’ सावध झाले तर त्याहून चांगलं काय हवं? समोरून येणारा चालक हेडलाइट मारून पुढे पोलीस असल्याची खूण करतो. त्या क्षणी दहा-वीस गाड्या हळू होतात. झाडाआड उभ्या पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गाडीला पावत्या मिळाल्या नसतील, पण रस्त्याला हवं होतं ते मिळालं.

खरी निकड मात्र द्रुतगती मार्गावर नाहीच. २०२२ च्या देशभरच्या मृतांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते आणि १९ टक्के पायी चालणारे. दर तीन मृतांपैकी जवळपास दोन. द्रुतगती मार्गावर या दोघांनाही प्रवेश नाही. ते मरतात चौपदरी झालेल्या जुन्या राज्यमार्गावर, तालुक्याच्या गावाबाहेर, एसटी थांब्यासमोर, मंगल कार्यालयाच्या दारात.

रस्ता रुंद झाला की गाव दोन तुकड्यांत कापलं जातं. शाळा अलीकडे, वस्ती पलीकडे; विहीर अलीकडे, रान पलीकडे. पूर्वी दोन मिनिटांत ओलांडला जाणारा रस्ता आता दुभाजक चढून, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन, चार मार्गिकांचा अंदाज घेत ओलांडावा लागतो. भुयारी मार्ग असलाच तर पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय रस्त्यावर येतात. खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या उजेडात पन्नास मीटरच्या आसपासचंच दिसतं, आणि वर केलेला हिशेब आठवावा: ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी थांबत नाही.

अशा गावात एखादं पोर गाडीखाली गेलं की रास्ता रोको होतो आणि रात्रीतून एक स्पीड ब्रेकर उभा राहतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे तो साधारण ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, सौम्य चढ-उताराचा असायला हवा, त्यावर पांढरे पट्टे हवेत. गावातला मात्र हातभर रुंदीचा, ताठ आणि बिनरंगी असतो. मोटार आदळते, मोटारसायकलवर मागे बसलेली बाई फेकली जाते. एका मुलाच्या मृत्यूनंतर बांधलेला उंचवटा दुसऱ्या आईचा जीव घेतो. गावकऱ्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या हाती दगड, मुरूम आणि सिमेंटच होतं. गावाच्या दोन्ही वेशींवर एकेक कॅमेरा आणि त्यांच्यामधली सरासरी मोजणारी व्यवस्था त्यांना कुणी देऊ केलीच नव्हती. खरी गरज तिथे आहे. दीड किलोमीटरच्या वस्तीत ताशी ४० ची मर्यादा, दोन्ही टोकांना मोठी पाटी आणि हमखास पोचणारं चलन. रम्बलर पट्टे आणि उंचवटे यांच्यापेक्षा हे दुचाकीस्वाराच्या कमरेला आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णालाही परवडेल.

शहरांत वेगळाच पेच आहे. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला ताशी ७० पर्यंत मुभा असू शकते. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवली आहे. राज्य सरकारला कायद्याने मर्यादा खाली आणता येते. शाळेच्या दारात ७० ची कायदेशीर मुभा ठेवून तिथे कॅमेरा बसवला, तर तो ६८ ने जाणाऱ्या गाडीला सभ्य ठरवेल. यंत्र आपल्याला सांगितलेला आकडाच राखतं, म्हणून आधी आकडा विचार करून ठरवावा लागतो. उलट बाजूनेही हेच खरं. मोकळ्या, सरळ पट्ट्यावर कारण न सांगता मर्यादा एकदम खाली आणली आणि पुढच्याच खांबावर कॅमेरा लावला, तर लोकांना तो सापळा वाटतो. घाटात शंभराची मर्यादा जवळपास निम्म्यावर येते तिथे ती टप्प्याटप्प्याने, दोन-तीन फलकांवरून उतरत यायला हवी.

पैशाच्या प्रश्नाने चांगली व्यवस्था कशी मोडते याचं ताजं उदाहरण कॅनडातलं आहे. टोरांटोतल्या शाळांसमोर लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे वेगमर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या बालरुग्णालयाच्या आणि विद्यापीठाच्या संशोधकांनी जुलै २०२५ मध्ये दाखवून दिलं. तरीही ऑन्टारिओ प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी या कॅमेऱ्यांना पैसे उकळण्याचं साधन म्हटलं आणि प्रांतभर बंदी घालणारा कायदा केला. ती बंदी लागू झाली १४ नोव्हेंबर २०२५ ला, नवले पुलाच्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. मुलं वाचवणारं यंत्र लोकांच्या नजरेत वसुलीचं ठरलं की पुरावाही त्याला वाचवू शकत नाही. ब्रिटनमध्येही २००० ते २००७ या काळात स्थानिक यंत्रणांना कॅमेऱ्यांचा खर्च दंडातून वळता करून घेण्याची मुभा होती. संशय इतका वाढला, की ती पद्धत थांबवावी लागली.

आपण त्याच वाटेवर आहोत. बचाव एकच: ज्या पट्ट्यात दंड झाला तिथेच तो दिसेल असा खर्च व्हावा आणि हिशेब उघडा असावा. पादचारी पूल, दिवे, सर्व्हिस रोडचं अर्धवट काम, उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला वाळूत नेऊन थांबवणारी बाजूची मार्गिका. कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीचा मोबदला चलनांच्या संख्येला कधीच बांधलेला नसावा. यंत्र किती दिवस बिनचूक चाललं, यावर तो ठरावा. न्यूयॉर्कमध्ये शाळांभोवतीच्या कॅमेऱ्यांचा वार्षिक अहवाल नगरप्रशासन प्रसिद्ध करतं. दंड सरसकट ५० डॉलरचा आणि तोही मर्यादेपेक्षा ताशी दहा मैलांहून अधिक वेग असेल तरच. तिथे बहुतेक गाड्यांना एकदा-दोनदा पावती आली की पुन्हा येत नाही. उरतात ते मूठभर, वारंवार तोच गुन्हा करणारे.

त्या मूठभरांकडे आपली यंत्रणा सर्वांत कमी लक्ष देते. डझनावारी चलनं थकलेली गाडी रोज त्याच कमानीखालून जाते आणि तिला कुणी अडवत नाही. आकड्यांची कलाकुसर करून ‘दादा’ वाचायला लावणाऱ्या नंबरप्लेट कॅमेऱ्याला वाचताच येत नाहीत, त्यामुळे सर्वांत बेफिकीर चालक सर्वांत सुरक्षित राहतो. टोलनाक्यावर अशी गाडी बाजूला घेणं अवघड नाही. तिथे ती थांबतेच. एका चुकीच्या क्षणी ११० वर गेलेल्या कुटुंबवत्सल माणसाला दोन हजारांचा दंड आणि पन्नासाव्यांदा १४० ने जाणाऱ्यालाही तेवढाच, यात न्याय नाही. वारंवार मोडणाऱ्याचा परवाना निलंबित करण्याची तरतूद कायद्यात आहे. ती वापरली गेली पाहिजे.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्यासमोर अपघातप्रवण ठिकाणांची यादी दर बैठकीत येते. तीच यादी तालुक्याच्या कचेरीत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, सोबत प्रत्येक कॅमेऱ्याची नोंद: बसवण्याआधीच्या तीन वर्षांत तिथे किती मृत्यू, नंतर किती, महिन्याला किती चलनं, सरासरी वेग किती उतरला. सुरुवात द्रुतगती मार्गापासून करता येईल, कारण तिथे सगळी माहिती आधीच जमा आहे. प्रत्येक कमानीचा महिनावार आकडा प्रसिद्ध करावा. ज्या कमानीखाली पावत्या घटल्या तिथली व्यवस्था तशीच ठेवावी. जिथे वर्षानंतरही तितक्याच फाटत आहेत, तिथे फलक दिसत नाही, मर्यादा चुकली आहे किंवा रस्त्याची आखणीच वेग वाढवायला लावते आहे. तिथे वसुलीच्या नोटिसा वाढवण्याआधी महामंडळाने अभियंता पाठवावा आणि त्याचा अहवालही त्याच फळ्यावर लावावा.